वाचक विचारतात : अवकाश स्थानकातलं पाणी, हवा आणि मोड आलेले मूग

शुभांशु शुक्ला २०२५ च्या जून-जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात १८ दिवस राहून आले, तेव्हापासून या सदराच्या टपालात स्थानकाबद्दलच्या प्रश्नांना खळ नाही. रॉकेटबद्दल फार कमी जण विचारतात. पाणी, झोप, जेवण, संडास याबद्दलच जास्त. बरोबरच आहे, अभियंत्यांचा खरा कस तिथेच लागतो. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : स्थानक फक्त ४०० किलोमीटर उंचीवर आहे, म्हणजे मुंबई ते कोल्हापूर रस्त्याने जेवढं, साधारण तेवढंच. इतक्या जवळ गुरुत्वाकर्षण संपतं कसं? (इयत्ता नववी, इचलकरंजी)

उत्तर : संपत नाहीच. जमिनीवर गुरुत्व त्वरण ९.८ असतं, तिथे सुमारे ८.७. म्हणजे ८८-८९ टक्के शिल्लक. स्थानक आणि आतली माणसं ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पुढे जाता जाता सतत पृथ्वीकडे पडत असतात, पण पृथ्वीचा पृष्ठभागही तेवढाच वळत जातो, म्हणून आदळत नाहीत. माणूस, भिंत, चमचा सगळंच एका वेगाने पडतंय म्हटल्यावर कोणी कोणाला खालून रेटत नाही आणि वजन जाणवत नाही.

पुढची जवळजवळ सगळी उत्तरं यावरच उभी आहेत. वजन नाही म्हणजे पाणी उतारावर वाहत नाही, बुडबुडा वर येत नाही, गरम हवा चढत नाही, धूळ खाली बसत नाही. घरात ही कामं फुकट होतात. तिथे प्रत्येक कामाला पंखा, पंप किंवा फिरता ड्रम लागतो, आणि तो कधी ना कधी बिघडतो.

प्रश्न : अंतराळवीर स्वतःच्याच लघवीचं पाणी करून पितात हे खरं का? आमच्या घरी यावरून पैज लागली आहे. (नाशिक)

उत्तर : खरं आहे. ज्यांनी ‘खोटं’ म्हटलं ते हरले. ही यंत्रणा नोव्हेंबर २००८ मध्ये एन्डेव्हर शटलने वर नेली आणि मे २००९ मध्ये अंतराळवीरांनी तिचं पाणी पहिल्यांदा प्यायलं. पिणं, जेवण, अंग पुसणं धरून माणशी रोज पावणेचार लिटरच्या आसपास पाणी लागतं. स्थानकावरच्या सात जणांसाठी एवढं पाणी कायम पृथ्वीवरून पाठवत राहणं परवडणारं नाही.

सुरुवात संडासातच होते. नरसाळं जोडलेल्या नळीतून पंखा हवा ओढतो आणि हवेबरोबर लघवी ओढली जाते. पुढे फिरत्या सेपरेटरमध्ये द्रव कडेला फेकला जातो. हवा मधून निघून वास शोषणाऱ्या फिल्टरमधून खोलीत परत येते. त्याच टप्प्यावर लघवीत आम्ल आणि क्रोमियम ट्रायऑक्साइड मिसळतात, म्हणजे जंतू वाढत नाहीत आणि युरियाचा अमोनिया होत नाही. हे रसायन विषारी आहे, त्यामुळे या भागाची दुरुस्ती हातमोजे-चष्मा घालूनच करतात.

मग ऊर्ध्वपातन. पृथ्वीवर उकळत्या भांड्यात पाणी तळाशी राहतं आणि वाफ वर जाते. तिथे दोघांना वेगळं व्हायला कारणच नाही. म्हणून ड्रम फिरवतात : लघवीचा पातळ थर ड्रमच्या आतल्या भिंतीला चिकटून राहतो, मधली जागा वाफेला मिळते. ड्रममधला दाब कमी ठेवल्याने पाणी शंभर अंशांच्या बरंच खाली उकळतं. निघालेली वाफ कॉम्प्रेसरने दाबून त्याच भिंतीच्या बाहेरच्या बाजूला सोडतात. ती तिथे थंड होऊन पाणी बनते आणि सोडलेली उष्णता आतल्या थराला उकळायला उपयोगी पडते. वीज वाचते.

पहिली मोठी अडचण आली ती माणसाच्या हाडांमुळे. वजन पेलायचं नसलं की हाडं झिजतात आणि त्यातलं कॅल्शियम लघवीत उतरतं. तेव्हा लघवीत सल्फ्युरिक आम्ल मिसळत असत. पाणी काढून घेता घेता उरलेला द्रव दाट झाला की कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र येऊन खडे धरू लागले. २००९ मध्ये ऊर्ध्वपातनाचा भाग यानेच तुंबून बंद पडला. ठरवलं होतं लघवीतलं ८५ टक्के पाणी परत मिळवायचं, पण खडे टाळण्यासाठी ७०-७५ टक्क्यांवरच थांबावं लागलं. शेवटी सल्फ्युरिकच्या जागी फॉस्फोरिक आम्ल आणलं. सल्फेटच नाही म्हटल्यावर खडा धरणार कशाचा? टक्केवारी पुन्हा वर गेली. जमिनीवरच्या चाचण्यांत हा दोष दिसला नव्हता, कारण जमिनीवरच्या माणसांच्या लघवीत एवढं कॅल्शियम नसतं.

उरलेलं काळपट दाट पाणीही आता सोडत नाहीत. ते खास पडद्याच्या पिशवीत भरून त्यावरून कोमट कोरडी हवा फिरवतात. पडद्यातून फक्त वाफ बाहेर पडते, खोलीच्या हवेत मिसळते आणि एअर कंडिशनरवर दंव होऊन जमते. त्याच दंवात घाम आणि श्वासातली वाफही येते. या जोडणीनंतर २०२३ मध्ये एकूण पाण्यापैकी ९८ टक्के परत मिळवण्याचा टप्पा गाठला गेला.

हे सगळं पाणी पुढे शुद्धीकरण यंत्रात जातं : आधी हवेचे बुडबुडे आणि कण काढणं, मग शोषक थर, मग गरम उत्प्रेरक भट्टी, जिथे अल्कोहोलसारखी शोषकांना न जुमानणारी रसायनं ऑक्सिजनने जाळली जातात. शेवटी जंतू वाढू नयेत म्हणून आयोडीन घालतात आणि पिण्याच्या नळाआधी ते परत काढतात, कारण रोज एवढं आयोडीन थायरॉइडला सोसत नाही. २०१० मध्ये या पाण्यात सेंद्रिय कार्बनचं प्रमाण अचानक चढू लागलं. शोध घेता घेता निघालं सिलिकॉनच्या कुळातलं एक संयुग. डिओडरंट, ओले रुमाल, चिकटद्रव्यं यांतून हवेत उडणारे सिलॉक्सेन त्याच्या मुळाशी होते. बंद डब्यात कोण काय अंगाला लावतो ते पाण्यात उतरतं.

प्रश्न : आणि घन मैला? (सही नाही, समजू शकतो)

उत्तर : लहान भोकाच्या आसनावर पाय अडकवून बसायचं. हवेची ओढ मैला पिशवीत नेते, पिशवी बंद करून डब्यात दाबायची. भरलेले डबे कचऱ्याबरोबर सिग्नससारख्या परत न येणाऱ्या मालवाहू यानात ठेवतात. ते यान वातावरणात शिरताना जळून जातं. मैल्यातलं पाणी अजून कोणी काढत नाही.

प्रश्न : बंद जागेत इतकी माणसं श्वास घेतात, तर गुदमरत कसं नाही? झोपेत काय होतं? (ठाणे)

उत्तर : ऑक्सिजनची बाजू तशी सोपी : पाण्यात वीज सोडून ऑक्सिजन आणि हायड्रोजन वेगळे करतात. दमवतो तो कार्बन डायऑक्साइड. एक माणूस दिवसाला साधारण एक किलो सोडतो. अमेरिकी भागातल्या यंत्रात तो झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या दाण्यांत अडकवतात. दोन थर आलटून पालटून चालतात : एक वायू शोषत असतो तेव्हा दुसरा तापवून बाहेरच्या निर्वातात मोकळा करतात. झिओलाइटला कार्बन डायऑक्साइडपेक्षा पाणी अधिक आवडतं, म्हणून हवा आधी कोरडी करावी लागते. आणि सतत तापून-निवून दाणे भुगा होतात, तो भुगा झडपांत जाऊन बसतो. या यंत्राच्या दुरुस्तीत अंतराळवीरांचे किती तास गेले असतील, हे त्यांच्या नोंदी वाचल्या की कळतं.

तरीही तिथल्या हवेत कार्बन डायऑक्साइड पृथ्वीच्या मानाने सुमारे दहापट असतो. डोकेदुखीची तक्रार नेहमीची.

झोपेचा प्रश्न नेमका विचारलात. जमिनीवर श्वास गरम, म्हणून हलका; तो आपोआप वर निघून जातो. तिथे तो तोंडाभोवतीच साचेल. त्यामुळे टेलिफोन बूथएवढ्या झोपण्याच्या कप्प्यात डोक्यावरून हवेचा झोत सतत चालू असावा लागतो, पंख्याचा आवाज कितीही झाला तरी. झोपायची पिशवी भिंतीला बांधलेली असते. उभं की आडवं याला अर्थ नाही. धुराचे सेन्सरही याच कारणाने छताला न लावता हवेच्या वाटेत लावलेले असतात.

प्रश्न : मुगाला मोड आम्ही एका रात्रीत आणतो. तेच करायला अवकाशात कशाला जायचं? (सातारा)

उत्तर : हा प्रश्न सगळ्यात जास्त पत्रांतून आला आहे, काहींत तर चांगलाच चिडून. शुक्लांनी केलेल्या इस्रोच्या सात प्रयोगांपैकी हा एक : मूग आणि मेथी. प्रयोग धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठ आणि आयआयटीतल्या शास्त्रज्ञांचा. बिया पेट्री डिशमध्ये वर नेल्या, तिथे पाणी देऊन मोड आणले आणि मग फ्रीझरमध्ये ठेवून परत आणले, म्हणजे झालेले बदल तिथल्या तिथे गोठून राहावेत. जमिनीवर तपासायचं ते मोडाची जनुकं, त्यावरचे सूक्ष्मजीव आणि पोषणमूल्य. शिवाय तिथे जाऊन आलेल्या बियांच्या पुढच्या काही पिढ्या लावून बघायच्या.

तुम्ही मूग भिजवता, पाणी निथळता, मग फडक्यात बांधता. या तीन कृतींपैकी ‘निथळणं’ ही तिथे होतच नाही. पाणी बीभोवती जाड आवरण करून चिकटून बसतं आणि बियाला हवा मिळत नाही. भिजलेलं बी गुदमरून सडतं. दुसरं, मुळाला खाली कुठे हे कसं कळतं? मुळाच्या टोकाच्या पेशींत पिष्टाचे जड कण असतात. ते ज्या बाजूला बसतात ती खालची. वजन नसेल तर ते बसत नाहीत, मूळ वाट्टेल तिकडे वळतं. आता मंगळाकडे जाणाऱ्या लांबच्या प्रवासाचा विचार करा : माती नको, दिवा नको, चार-पाच दिवसांत ताजं खायला मिळेल असं मोडापेक्षा स्वस्त पीक कोणतं?

झाडं वाढवण्यात आधी चुका झालेल्या आहेत. ‘व्हेजी’ नावाच्या वाफ्यात बिया भाजलेल्या मातीच्या खड्यांच्या छोट्या उशांत लावतात आणि वात लावून पाणी पोचवतात. ऑगस्ट २०१५ मध्ये त्यातला लाल लेट्यूस अंतराळवीरांनी खाल्ला. त्यानंतर झिनियाची फुलझाडं लावली, तेव्हा पानांवर पाण्याचे थेंब साचले आणि बुरशी आली. पाणी जास्त आणि हवा कमी, एवढंच कारण. पंख्याचा वेग वाढवला आणि पाणी किती-कधी घालायचं हे वेळापत्रकाऐवजी झाड बघून ठरवायचं, अशी मुभा अंतराळवीर स्कॉट केलींना दिली. जानेवारी २०१६ मध्ये फूल आलं. आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याने हाच सल्ला दिला असता.

प्रश्न : भाकरी नेता येईल का? आणि दिवाळीचा चिवडा? (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

उत्तर : चिवडा तर अजिबात नाही. पोह्याचा एक तुकडा, एक मोहरी हवेत तरंगत डोळ्यात किंवा पंख्याच्या जाळीत जाते. भाकरी वाळली की भुगा पडतो, त्यामुळे तीही बाद. पावाऐवजी तिथे टॉर्टिया वापरतात, ऑक्सिजन काढलेल्या पाकिटात बंद केलेले; ते वर्षाहून अधिक टिकतात. मऊ पोळी तत्त्वतः चालेल, टिकवायची कशी तेवढं सोडवावं लागेल. मीठ पाण्यात विरघळवून आणि मिरपूड तेलात मिसळून बाटलीतून देतात. रसभाजी, शिरा, हलवा मात्र उत्तम, कारण ओलं अन्न चमच्याला धरून राहतं. शुक्लांनी नेलेले पदार्थ बघा : गाजर हलवा, मूगडाळ हलवा आणि आमरस.

प्रश्न : तिथे वजनकाटा शून्य दाखवणार. मग अंतराळवीर बारीक झाले की जाड, कळतं कसं? (भौतिकशास्त्र शिक्षक, लातूर)

उत्तर : वस्तुमान मोजतात. रशियन यंत्रात स्प्रिंगवर अंग घट्ट आवळून बसायचं आणि यंत्र वर-खाली हेलकावे घेतं. हेलकाव्याचा काळ वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. वर्गात करून दाखवायला आकडे असे घ्या : स्प्रिंगचा स्थिरांक मीटरला ६०० न्यूटन, वस्तुमान ६० किलो, तर एक हेलकावा १.९९ सेकंदांचा, ६६ किलोला २.०८. फरक सुमारे एक दशांश सेकंदाचा, म्हणून वेळ काटेकोर मोजावी लागते. चुकतं कुठे, तर अंग सैल सोडलं की पोट आणि हातपाय वेगळ्या तालात हलतात. म्हणून गुडघे पोटाशी घेऊन यंत्राला मिठी मारायची. नासाच्या यंत्रात हेलकावा नसतो : ठरलेल्या बलाने शरीर ओढतात आणि त्वरण मोजतात. न्यूटनचा दुसरा नियम सरळ सरळ.

प्रश्न : त्यांचा दिवस कसा जातो? दिवसातून १६ वेळा सूर्य उगवतो म्हणतात. (पणजी)

उत्तर : सूर्याकडे कोणी बघत नाही, घड्याळ ग्रिनिचचं. सकाळी सहाला उठणं म्हणजे आपल्याकडचे साडेअकरा, रात्री साडेनऊला निजणं म्हणजे आपली पहाटेची तीनची वेळ. वेळापत्रक पाच-पाच मिनिटांच्या हिशेबाने पडद्यावर मांडलेलं असतं आणि त्यावरून ‘आत्ता’ची लाल रेघ सरकत जाते. ती कोणासाठी थांबत नाही. सकाळ-संध्याकाळ जमिनीवरच्या केंद्रांशी बैठक.

रोज सुमारे दोन तास व्यायाम सक्तीचा. हाडं महिन्याला एक ते दीड टक्का घटतात, ती रोखायची तर भार द्यावाच लागतो. वजनं उचलून उपयोग नसल्यामुळे निर्वात सिलिंडरच्या दट्ट्याविरुद्ध जोर लावतात. २७० किलोपर्यंत भार ठेवता येतो. ट्रेडमिलवर खांद्या-कमरेला पट्टे बांधून माणसाला खाली ओढून ठेवतात. सुनीता विल्यम्स यांनी एप्रिल २००७ मध्ये अशाच ट्रेडमिलवर बोस्टन मॅरेथॉन धावली, ४ तास २४ मिनिटांत. ट्रेडमिल भिंतीला थेट जोडत नाहीत, मध्ये कंपनं शोषणारी जोडणी असते. नाहीतर शेजारी स्फटिक वाढवणाऱ्याचा प्रयोग प्रत्येक पावलागणिक हलेल.

शनिवारी साफसफाई. हरवलेल्या वस्तू बहुधा हवा परत खेचणाऱ्या जाळीवर सापडतात, पण नेहमीच नाही. अंतराळवीर फ्रँक रुबिओ यांनी तिथल्या रोपांवरून काढलेले छोटे टोमॅटो असेच गायब झाले. ‘तूच खाल्लेस’ म्हणून त्यांची बरीच थट्टा झाली. रुबिओ पृथ्वीवर परतल्यानंतर, डिसेंबर २०२३ मध्ये ते टोमॅटो पिशवीतच सुकलेले सापडले.

प्रश्न : बाहेर काम करताना सगळ्यात मोठा धोका कशाचा? उल्केचा का? (जळगाव)

उत्तर : आतापर्यंत सगळ्यात जवळून गेलेला धोका पाण्याचा होता. १६ जुलै २०१३ ला इटलीचे लुका पार्मितानो बाहेर असताना हेल्मेटमध्ये पाणी साचू लागलं. वजन नसल्याने ते गळ्याशी न उतरता डोक्यामागून सरकत डोळ्यांवर, नाकावर आणि कानांत पसरलं. सुमारे दीड लिटर. दिसेनासं झालं तेव्हा कमरेच्या सुरक्षा दोरीच्या ओढीवरून वाट धरत ते एअरलॉकपर्यंत, म्हणजे आत-बाहेर करायच्या बंद खोलीपर्यंत पोचले.

पोशाखात थंड पाणी फिरवणारा पंप, हवेचा पंखा आणि हवेतून पाणी वेगळं काढणारा ड्रम एकाच भागात असतात. त्या ड्रमची बारीक भोकं पाण्यातल्या सिलिकाच्या गाळाने बुजली आणि पाणी हवेच्या वाटेने हेल्मेटमध्ये शिरलं. आठवडाभर आधीच्या फेरीतही त्याच पोशाखात पाणी दिसलं होतं, पण पिण्याच्या पिशवीची गळती समजून सोडून दिलं गेलं. चौकशीत यावरच बोट ठेवलं गेलं. तेव्हापासून हेल्मेटमध्ये मागे शोषक गादी असते आणि पोशाखाच्या खालच्या भागातली हवा घेण्यासाठी एक नळी.

प्रश्न : हवा गळायला लागली तर भोक कसं शोधतात? (बडोदा)

उत्तर : आधी सगळे एका भागात जमतात, मधली दारं लावतात आणि कुठल्या भागातला दाब उतरतो ते बघतात. मग कानाला ऐकू न येणारा शिट्टीसारखा आवाज पकडणारं यंत्र फिरवतात. ऑक्टोबर २०२० मध्ये झ्वेझ्दा या रशियन भागात एवढ्यानेही नेमकी जागा सापडेना, तेव्हा चहाची पत्ती सोडून कॅमेरा लावला. पत्ती सरकत सरकत फटीपाशी जमली. यंत्रांवर कोट्यवधी खर्च आणि गळती दाखवली चहाने, याची गंमत आम्हालाही वाटली.

प्रश्न : महाराष्ट्रातून स्थानक दिसतं का? दुर्बिणीशिवाय? (रत्नागिरी, सोलापूर आणि इतर अनेक)

उत्तर : दिसतं, आणि दुर्बीण काढूच नका, इतक्या वेगाने जातं की ती वळवेपर्यंत संपतं. आपल्याकडे अंधार आणि वर स्थानकावर ऊन, अशी वेळ लागते. म्हणजे सूर्यास्तानंतरचा किंवा सूर्योदयाआधीचा साधारण दीड तास. नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’ सेवेत गाव निवडलं की वेळा मिळतात. त्यातल्या कमाल उंची ४० अंशांपेक्षा जास्त असलेल्याच निवडा. हात ताणून धरलेली मूठ म्हणजे अंदाजे १० अंश. स्थानक नैर्ऋत्य किंवा वायव्येकडून उगवतं, लुकलुकत नाही, दिव्यांची उघडझाप नसते, आणि फार तर सहा मिनिटांत पलीकडे जातं. उघडझाप दिसली तर ते विमान. संध्याकाळी मध्येच विझलं तर ते पृथ्वीच्या सावलीत गेलं. कोकणात जून ते सप्टेंबर हा खटाटोप करू नका.

ऐकायचंही असेल तर १४५.८०० मेगाहर्ट्झ एफएम. शाळांशी हॅम (हौशी) रेडिओवर गप्पा होतात तेव्हा स्थानकाकडची बाजू इथे येते. बोलायचं असेल तर हॅम परवाना हवा. सुमारे ४९ सेंटीमीटरची उभी तार अँटेना म्हणून पुरते. वेगामुळे वारंवारिता सरकते, म्हणून येताना १४५.८०३ वर सुरू करा, डोक्यावर असताना १४५.८००, दूर जाताना १४५.७९७. गच्चीवर जा. खोलीत सिमेंटच्या भिंतींआड सिग्नल तुटक येतो.